विश्लेषण : धर्मग्रंथातून हिंसेचे समर्थन कसे उभे राहते? एकाच गीतेतून परस्परविरोधी अर्थ का निघाले?

नथुराम गोडसेला १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, तेव्हा त्याच्याजवळ भगवद्गीता होती. ज्यांच्या खुनासाठी ही शिक्षा झाली ते महात्मा गांधी ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनाच्या आवारात सायंप्रार्थनेला निघाले होते. त्यांच्या सायंप्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगणारे श्लोक म्हटले जात. म्हणजे ज्याने मारले आणि ज्यांना मारले, त्या दोघांचीही श्रद्धा एकाच ग्रंथावर होती. धर्माच्या नावाने कुठेही रक्त सांडले की दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. ‘त्यांच्या ग्रंथातच तसे लिहिले आहे’ ही एक आणि ‘याचा धर्माशी काही संबंध नाही’ ही दुसरी. या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या का आहेत, हे गीतेच्या आधुनिक काळातल्या प्रवासातून स्पष्ट होते. या प्रवासाचे बरेचसे टप्पे महाराष्ट्रातच आहेत.

गीतेतील प्रसंग नेमका काय आहे?

कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी आहेत. समोर भीष्म, द्रोण आणि भाऊबंद पाहून अर्जुन धनुष्य खाली ठेवतो. कृष्ण त्याला लढायला सांगतो आणि त्यासाठी मुख्यतः तीन कारणे देतो. शरीर नष्ट झाले तरी आत्मा मरत नाही, हे पहिले. युद्ध हा क्षत्रियाचा स्वधर्म आहे, हे दुसरे. फळाची आसक्ती सोडून केलेले कर्म माणसाला बांधत नाही, हे तिसरे. अठराव्या अध्यायातील सतराव्या श्लोकाचा आशय तर असा की, ज्याच्या ठायी अहंकार उरलेला नाही, तो मारूनही मारणारा ठरत नाही.

पण ७०० श्लोकांची गीता एवढ्यावर संपत नाही. बाराव्या अध्यायात कोणत्याही प्राण्याचा द्वेष न करणे हे भक्ताचे लक्षण सांगितले आहे. सोळाव्या अध्यायातील दैवी गुणांच्या यादीत अहिंसा आहे. अकराव्या अध्यायाचा शेवट निर्वैर असण्याच्या अटीने होतो. लढण्याची आज्ञा आणि अहिंसेची शिकवण या दोन्ही गोष्टी एकाच पोथीत आहेत. त्यामुळे ‘ग्रंथात तसे काही नाहीच’ असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच ‘ग्रंथात एवढेच आहे’ असे म्हणणेही चुकीचे.

टिळकांच्या १८९७ च्या भाषणात काय होते?

त्या वर्षी पुण्यात प्लेगची साथ होती. विशेष प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड याच्या देखरेखीखाली गोरे सोजीर घरोघर झडत्या घेत होते. त्यात देवघरे, स्वयंपाकघरे आणि स्त्रियांची अब्रू यांची पत्रास राहिली नाही, या भावनेने शहर धुमसत होते. जूनमध्ये झालेल्या शिवराज्याभिषेक उत्सवात अफझलखान वधाची चर्चा झाली. शिवाजी महाराजांनी खानाला मारले ते पाप होते का, या प्रश्नाला लोकमान्य टिळकांनी दिलेले उत्तर १५ जूनच्या ‘केसरी’त छापून आले.

त्या उत्तराचा सारांश असा : या प्रश्नाचा निवाडा पीनल कोडात किंवा स्मृतींत शोधायचा नसतो. थोर पुरुषांना सामान्य नीतीचे माप लावता येत नाही. गीतेत गुरू आणि आप्त यांनाही मारण्याचा उपदेश आहे आणि फळाची इच्छा न धरता केलेल्या कर्माचा दोष लागत नाही. महाराजांनी खानाला स्वतःच्या पोटासाठी मारले नाही, तर परहितासाठी मारले. म्हणून त्यांना पाप लागत नाही.

पुढे २२ जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडण्यात आली. त्याच्या मागून येणाऱ्या लेफ्टनंट आयर्स्टलाही चाफेकर बंधूंनी टिपले. आयर्स्ट जागीच गेला आणि रँडचा ३ जुलैला मृत्यू झाला.

भाषणाचा आणि खुनाचा संबंध सिद्ध झाला का?

नाही. टिळकांवर खुनाला चिथावणी दिल्याचा खटला झालाच नाही. खटला होता राजद्रोहाचा, म्हणजे कलम १२४-अ खालचा. मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांच्यासमोर तो चालला. सहा युरोपीय ज्युरींनी त्यांना दोषी आणि तीन भारतीय ज्युरींनी निर्दोष ठरवले आणि सप्टेंबर १८९७ मध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. दामोदर चाफेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात इंग्रजांवरचा संताप आहे, तसाच धर्मात ढवळाढवळ करतात म्हणून सुधारकांवरचाही राग आहे. हा राग प्लेगच्या आधीपासूनचा होता. एका भाषणाने त्यांच्या हाती पिस्तूल दिले, असे त्यावरून म्हणता येत नाही.

तरीही त्या युक्तिवादाची मांडणी तपासणे आवश्यक आहे. त्यात कृत्य योग्य की अयोग्य हे ठरवण्याची कसोटी बाहेरून आत गेली. कोणाला मारले, का मारले, दुसरा मार्ग होता का, हे प्रश्न मागे पडले आणि करणाऱ्याच्या मनात स्वार्थ होता की नव्हता, हा एकच प्रश्न उरला. पण मनातला स्वार्थ गेला, हे पाहणार कोण? निष्काम असल्याचा दाखला ज्याने त्याने स्वतःलाच द्यायचा असेल, तर तो कोणालाही मिळू शकतो. पुढच्या साऱ्या इतिहासात हीच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते.

क्रांतिकारकांनी गीता कशी वाचली?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालमधील गुप्त संघटनांमध्ये गीता हा दीक्षेचा ग्रंथ बनला. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालातही याची नोंद आहे. आत्मा अमर आहे या विचाराने मृत्यूची भीती घालवली, हे खरे. खुदीराम बोस वयाच्या अठराव्या वर्षी ११ ऑगस्ट १९०८ रोजी ज्या निर्भयतेने फाशी गेला, त्यामागे ही श्रद्धा होती.

मात्र त्याच घटनेला दुसरी बाजूही आहे. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदीराम आणि प्रफुल्ल चाकी यांनी टाकलेला बॉम्ब न्यायाधीश किंग्जफर्डसाठी होता. त्यात मेल्या त्या केनेडी आडनावाच्या दोन स्त्रिया, एक आई आणि तिची मुलगी. मारणाऱ्याचा हेतू निर्मळ असला, तरी बॉम्ब हेतू पाहून फुटत नाही. स्वतः मरायला तयार असणे हे धैर्य आहे. पण त्या धैर्यातून दुसऱ्याच्या प्राणावर अधिकार मिळतो, असे मात्र सिद्ध होत नाही.

याच बॉम्बप्रकरणावर ‘केसरी’त लिहिलेल्या अग्रलेखांमुळे टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले गेले. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथातली मांडणी १८९७ च्या भाषणापेक्षा कितीतरी सखोल आहे. अहिंसा आणि सत्य यांना व्यवहारात कोणते अपवाद असतात, आततायीशी कसे वागावे, यांची त्यात तपशीलवार चर्चा आहे. पण कर्त्याची बुद्धी सम आणि निर्वैर असली पाहिजे, ही अटही टिळकांनी तितकीच ठामपणे मांडली. दुर्दैवाने पेलायला अवघड असलेली ही अटच पुढच्या अनेक वाचकांनी गाळली.

गांधीजींनी तीच गीता अहिंसेची कशी ठरवली?

गांधीजींनी गीता पहिल्यांदा वाचली ती लंडनमध्ये, १८८९ च्या सुमारास, एडविन अर्नोल्ड यांच्या इंग्रजी पद्यानुवादातून. १९२६ मध्ये साबरमती आश्रमात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. ‘अनासक्तियोग’ हा त्यांचा गुजराती अनुवाद १२ मार्च १९३० रोजी, दांडी यात्रा निघाली त्याच दिवशी प्रसिद्ध झाला.

त्यांच्या दृष्टीने कुरुक्षेत्र हे माणसाच्या मनातले युद्धक्षेत्र आहे. महाभारतात शेवटी जिंकणाऱ्यांच्याही वाट्याला अश्रू आणि पश्चात्तापच येतो, म्हणजे महाभारतकारांनी युद्धाची व्यर्थताच दाखवली, असे ते म्हणत. अहिंसेसाठी गीतेला वेठीला धरल्याचा आरोप त्यांच्यावर झाला, आजही होतो. म्हणून ‘अनासक्तियोगा’च्या प्रस्तावनेतील त्यांची कबुली महत्त्वाची ठरते. गीतेच्या शब्दांवरून पाहिले तर युद्ध आणि फलत्याग एकत्र नांदू शकतात असे म्हणता येईल, हे त्यांनी मान्य केले. पण गीतेची शिकवण ४० वर्षे आचरणात आणण्याचा प्रयत्न केल्यावर, संपूर्ण अहिंसेशिवाय संपूर्ण फलत्याग शक्य नाही, असा आपला अनुभव आहे, असे त्यांनी नमूद केले. ग्रंथात हिंसेला जागाच नाही, असा सोपा दावा त्यांनी केला नाही. आपण काय वाचतो याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.

टिळक आणि गांधी यांच्यातला हा मतभेद जानेवारी १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त उघडपणे समोर आला. राजकारण हा साधूंचा खेळ नव्हे, असे सांगत टिळकांनी बुद्धाच्या अक्रोधाच्या वचनापेक्षा गीतेच्या चौथ्या अध्यायातला अकरावा श्लोक जवळचा मानला. गांधीजींनी उत्तर दिले की, या दोन वचनांत आपल्याला विरोध दिसत नाही. एकाच श्लोकाचा एकाला ‘जशास तसे’ असा अर्थ लागला आणि दुसऱ्याला तसा लागला नाही. दोघांच्याही गीताभक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

विनोबांनी अर्जुनाचा प्रश्न कसा सोडवला?

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. विनोबांचे म्हणणे असे की, अर्जुन अहिंसक झालाच नव्हता. तोवर त्याने कितीतरी लढाया केल्या होत्या. समोर आप्त दिसले म्हणून त्याचे हात गळाले. यासाठी त्यांनी एका न्यायाधीशाचे उदाहरण दिले. शेकडो जणांना फाशी सुनावणाऱ्या न्यायाधीशापुढे त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो आणि मग त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. हे शहाणपण न्यायातून आलेले नसते, ते मोहातून आलेले असते.

विनोबांनी अशा रीतीने ‘मार’ या आज्ञेऐवजी ‘मोह सोड’ या उपदेशाला मध्यवर्ती मानले. हा दाखला उलटाही लावून पाहता येतो. जो ‘आपल्यां’च्या मृत्यूने व्याकूळ होतो आणि ‘त्यांच्या’ मृत्यूला धर्मकार्य म्हणतो, तोही त्या न्यायाधीशाइतकाच मोहात सापडलेला असतो.

गोडसेच्या निवेदनातील युक्तिवाद काय होता?

लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयापुढे ८ नोव्हेंबर १९४८ रोजी गोडसेने लेखी निवेदन वाचले. रामाने रावणाला मारले, कृष्णाने कंसाला मारले, अर्जुनाला भीष्मासह आप्तांशी लढावे लागले, असे दाखले त्यात होते. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांचाही उल्लेख होता. आपले कोणाशी वैयक्तिक वैर नाही, जे केले ते राष्ट्रहितासाठी केले, असाही दावा त्याने केला.

अर्ध्या शतकापूर्वी पुण्यात मांडला गेलेला दाखला असा दिल्लीत पुन्हा अवतरला. पण दोन प्रसंगांतला फरक विसरता येत नाही. खान सैन्य घेऊन स्वराज्यावर चालून आला होता. गांधीजी ७८ वर्षांचे होते, निःशस्त्र होते आणि दोन मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून प्रार्थनेला चालले होते. त्यांची मते चुकीची वाटत असतील तर त्यांना विरोध करण्याचे सारे मार्ग खुले होते. तरीही ‘मी निष्काम आहे आणि समोरचा दुर्जन आहे’ हे सूत्र दोन्हीकडे सारखेच बसवता येते. या युक्तिवादाची खरी कमजोरी हीच आहे. आक्रमक सेनापती आणि निःशस्त्र वृद्ध यांच्यातला फरक ज्या सूत्राला सांगता येत नाही, त्याला न्यायाचे सूत्र म्हणता येणार नाही.

डॉ. आंबेडकरांचा आक्षेप काय होता?

टिळक, गांधी आणि विनोबा यांनी गीतेचा अर्थ वेगवेगळा लावला, पण तिचे प्रामाण्य तिघांनीही मानले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रामाण्यालाच हात घातला. गीतेवरील त्यांचा अपूर्ण राहिलेला निबंध महाराष्ट्र सरकारने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या तिसऱ्या खंडात आहे. शरीर मरते, आत्मा मरत नाही, म्हणून मारण्यात पाप नाही, असा बचाव खुनाच्या खटल्यात एखाद्या वकिलाने केला, तर त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होईल, असे त्यांनी रोखठोक लिहिले.

या आक्षेपामागे जगण्याचा अनुभव होता. ग्रंथाच्या आधाराने होणारी हिंसा दर वेळी पिस्तुलानेच होते असे नाही. पाणवठ्यावर, देवळाच्या दारात, गावकुसाबाहेर ती रोज होत असते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रहींना मारहाण झाली. त्याच महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. विषमतेला शास्त्राची मान्यता आहे असे सांगितले जात असेल, तर ती मान्यताच नाकारायची, हा तो मार्ग होता. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तेव्हा कोणत्या ग्रंथात काय लिहिले आहे, हा प्रश्न कायद्यापुरता गैरलागू ठरला.

हे एकाच धर्मात घडते का?

नाही. ज्या धर्माची ओळखच अहिंसेने होते त्या बौद्ध धर्माचे उदाहरण बोलके आहे. श्रीलंकेच्या ‘महावंस’ या प्राचीन पाली बखरीत दुट्ठगामणी राजाची कथा आहे. लढाईत झालेल्या संहाराने राजा खिन्न होतो. तेव्हा अर्हत त्याची समजूत घालतात की, मेलेल्यांत खऱ्या अर्थाने माणसे दीडच होती. एकाने त्रिशरण आणि पंचशील दोन्ही घेतले होते, दुसऱ्याने फक्त त्रिशरण. बाकीचे अश्रद्ध, म्हणजे पशुवत. म्यानमारमधील प्रभावशाली भिक्खू सितागू सयादॉ यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांपुढील प्रवचनात ही कथा सांगितली. त्याच सुमारास लष्करी कारवाईमुळे लाखो रोहिंग्या बांगलादेशात पळत होते. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून पळालेल्यांची संख्या सात लाखांहून अधिक झाली.

इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांचा ४ नोव्हेंबर १९९५ रोजी खून करणाऱ्या यिगाल अमीरने ज्यू धर्मशास्त्रातील ‘रोदेफ’ या नियमाचा आधार घेतला. दुसऱ्याच्या जिवावर उठून पाठलाग करणाऱ्याला रोखण्यासाठी ठार करता येते, असा तो नियम आहे. पण केवळ जखमी करून रोखता येत असेल तर ठार करणे निषिद्ध आहे, अशी अट मध्ययुगीन धर्मशास्त्री मायमोनिडीस यांनी घातली आहे. नियम लक्षात राहिला आणि अट गळाली. शांतता करार करणारा पंतप्रधान ‘पाठलाग करणारा’ आहे, हे अमीरने स्वतःच ठरवले.

‘आयसिस’ने कुराणातील आयतींच्या आधाराने शिरच्छेद आणि गुलामगिरीचे समर्थन केले. त्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये जगभरातील १२० हून अधिक मुस्लीम विद्वानांनी बगदादीला उद्देशून उघडे पत्र लिहिले. एखाद्या विषयावर कुराण आणि हदीसमध्ये जे जे आहे ते सारे लक्षात न घेता एकच आयत उचलून निवाडा देता येत नाही, हा त्या पत्रातील महत्त्वाचा मुद्दा होता. कुराणाच्या नवव्या अध्यायातील पाचवी आयत नेहमी उद्धृत केली जाते. आश्रय मागणाऱ्या अनेकेश्वरवाद्याला आश्रय द्यावा आणि सुरक्षित स्थळी पोहोचवावे, असे सांगणारी सहावी आयत मात्र क्वचितच ऐकू येते.

निवडक वाचनाचा सर्वात ढळढळीत नमुना १८०७ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी काढलेल्या त्या बायबलमधून इजिप्तच्या गुलामगिरीतून इस्रायली लोकांच्या सुटकेची कथाच वगळली होती. मालकाची आज्ञा पाळण्याचा उपदेश तेवढा शिल्लक होता. एरवी वाचणारा मनातल्या मनात जी कात्री चालवतो, ती इथे छापखान्यात चालवली गेली.

या सर्व युक्तिवादांत समान काय?

ग्रंथ, देश आणि शतके वेगळी असली तरी मांडणीचा क्रम जवळपास तोच आहे. आधी वचन प्रसंगातून सुटे केले जाते. अर्जुनाला सांगितलेले वाक्य ‘मला सांगितले आहे’ असे होते. मग समोरच्याला कथेतले पात्र बनवले जाते. तो कंस असतो, पाठलाग करणारा असतो किंवा ‘दीड माणसां’च्या हिशेबाबाहेरचा असतो. शेवटी जबाबदारी वर ढकलली जाते : मी नाही मारले, धर्माने मारवले.

यातली पहिली पायरी शब्दांची आहे, म्हणून तिच्यावर वाद घालता येतो. दुसरी अधिक धोकादायक आहे. कारण कंस कोण, हे ठरवणारे वाक्य कोणत्याही ग्रंथात नसते. तो निर्णय वाचणारा घेतो. बहुतेक वेळा राग, भीती, जमीन, सत्ता किंवा सूड यांतून तो निर्णय आधीच झालेला असतो आणि वचन मागाहून शोधले जाते. म्हणूनच शत्रू बदलला तरी श्लोक तोच चालतो.

मोबाइलवर फिरणाऱ्या वचनांचे काय?

पूर्वी वचन शोधायला निदान पोथी उघडावी लागे. आता ते मोबाइलवर सुविचारासारखे येते, तेही अनेकदा दुरुस्त करून. अहिंसेला परम धर्म म्हणणारे महाभारतातील वचन सर्वांच्या परिचयाचे आहे. समाजमाध्यमांवर त्याला ‘धर्मासाठी केलेली हिंसाही तसाच धर्म’ अशा अर्थाची जोड देऊन, ‘मूळ श्लोक असा आहे, तुम्हाला अर्धाच शिकवला’ असे सांगितले जाते. महाभारतात हे वचन अनेक ठिकाणी येते, पण तिथे ती जोड आढळत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १,२५९ हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये सुरू झालेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. जे पडताळायला विद्वानांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या, ते एका फॉरवर्डमध्ये बदलून टाकले जाते.

तुकडा शांततेच्या बाजूचा असला तरी तो तुकडाच, हेही मान्य केले पाहिजे. एका निरपराधाची हत्या म्हणजे साऱ्या मानवजातीची हत्या, या अर्थाची कुराणातील आयत सर्वधर्मसभांत नेहमी सांगितली जाते. तिच्या लगेच पुढे कठोर शिक्षांची आयत आहे. अवघड वचने लपवल्याने ती नाहीशी होत नाहीत. ती पहिल्यांदा एखाद्या द्वेष पसरवणाऱ्याकडून कळली, तर ‘आपल्यापासून हे लपवले होते’ असे तरुण वाचकाला वाटते आणि तो त्याच्यावर विश्वास ठेवतो.

ग्रंथावर बंदी हा उपाय आहे का?

तसे प्रयत्न झाले आणि फसले. रशियातील तोम्स्क शहरात २०११ मध्ये ‘भगवद्गीता जशी आहे तशी’ या भाष्यग्रंथाच्या रशियन भाषांतराला अतिरेकी साहित्य ठरवण्याची मागणी सरकारी पक्षाने केली. भारतीय संसदेतही त्यावर संताप व्यक्त झाला. न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये ती मागणी फेटाळली. २०१५ मध्ये रशियाने कायदाच केला की बायबल, कुराण, ज्यूंचा तनाख आणि बौद्धांचा कंजूर हे ग्रंथ व त्यांतील उतारे अतिरेकी ठरवता येणार नाहीत. भारतात कुराणावर बंदी मागणारी याचिका कलकत्ता उच्च न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळली. कुराणातील २६ आयती वगळण्याची याचिका तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये ५० हजार रुपये दंडासह फेटाळली.

त्यामागचे तर्कशास्त्र साधे आहे. कोट्यवधी लोक जो ग्रंथ वाचून शांतपणे जगतात, त्याला मूठभरांच्या कृत्यासाठी आरोपी करता येत नाही. कायद्याने पाहायचे ते कृत्य आणि चिथावणी. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्मस्वातंत्र्य दिले आहे, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. दोन समाजांत वैर वाढवणाऱ्या बोलण्याला शिक्षा सांगणारे कलम १५३-अ टिळकांच्या खटल्यानंतर लगेच, १८९८ मध्ये दंडसंहितेत आले. आज ते भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ आहे. व्यासपीठावरून श्लोक म्हटला गेला की आयत, हे या कलमासाठी महत्त्वाचे नाही. त्यातून कोणाविरुद्ध काय करायला सांगितले गेले, हे महत्त्वाचे. अर्थात ही कसोटी सर्व धर्मांच्या वक्त्यांना सारखी लावली, तरच कायद्याचा वचक राहतो. एका व्यासपीठावर गुन्हा आणि दुसऱ्यावर प्रवचन, असा भेद झाला की प्रत्येक गट स्वतःला पीडित समजू लागतो.

मग जबाबदारी कोणाची?

ग्रंथ स्वतः बोलत नाहीत. त्यांच्या वतीने कोणी तरी बोलते. म्हणून ‘शास्त्रात आहे’ एवढ्याने चर्चा संपत नाही, तर तिथून ती सुरू होते. कोण बोलत आहे? पुढचे-मागचे काय गाळले आहे? कोणाला कंस ठरवले जात आहे आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणी दिला? मरणार कोण आणि सत्ता कोणाच्या हाती जाणार? हे प्रश्न विचारणे म्हणजे धर्माचा अपमान नाही. तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, त्यामुळे ती ठरावीक लोकांच्या हातून सुटून सर्वांपर्यंत पोहोचली. ज्याला ग्रंथ समजतो, त्याला प्रश्नही विचारता येतो.

या जबाबदारीचा मोठा वाटा त्या त्या धर्माच्या अनुयायांवर आहे. दुसऱ्याच्या ग्रंथातील कठोर वचने शोधून काढणे सोपे असते. आपल्या ग्रंथाच्या नावाने झालेल्या हिंसेला ‘हे आम्हाला मान्य नाही’ असे आपल्याच लोकांसमोर म्हणणे अवघड असते. बगदादीला पत्र लिहिणाऱ्या विद्वानांनी ते केले. गांधीजींनी ते आयुष्यभर केले आणि त्याची किंमत मोजली. गीतेने निष्कामतेची अट घातली ती माणसाने स्वतःला तपासावे म्हणून. तिचा उपयोग स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी होऊ लागला की हाती उरते ते फक्त शस्त्र. आपले मन द्वेषमुक्त झाले आहे, याची खात्री ज्याला स्वतःलाच देता येत नाही, त्याने धर्माच्या नावाने दुसऱ्याच्या प्राणाचा निवाडा करू नये. आणि ज्याला तशी पक्की खात्री वाटते, त्याच्यापासून तर समाजाने अधिक सावध राहायला हवे.